तोफा मोडीत, पैसा बाजारात

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की घरात जुनी नाणी असतील तर त्याबद्दलचे प्रश्न पाठवा. पत्रं अन् व्हॉट्सअॅप दोन्हीकडून भरपूर आले. त्यात लढाईच्या काळातल्या पैशाबद्दल विचारणारे सगळ्यात जास्त होते, म्हणून या वेळची जागा त्यालाच दिली. पत्रांची भाषा आहे तशीच ठेवली आहे, नावं तेवढी काढली.

प्रश्न (तुमसर तालुका, भंडारा) : सर नमस्कार. आमच्या जुन्या घराचे कवेलू उतरवतानी आड्यावर एक पत्र्याची डबी भेटली, त्याच्यात भोकाचे पैसे आहेत, एकावर १९४४ लिहून आहे. आजी म्हणते हे लढाईतले पैसे, बंदुकीच्या गोळ्यायचं पितळ वितळवून केले. गावातला एक पोट्टा म्हणते मोबाईलवर याचे लाखो रुपये भेटते. खरं काय ते सांगजा.

उत्तर : भाऊ, आजीचं लढाईचं म्हणणं एकदम बरोबर आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४३ साली सरकारनं हा भोकाचा पैसा काढला अन् तो १९४७ पर्यंत निघत राहिला. ब्राँझचा आहे, म्हणजे तांबं जास्त अन् त्यात थोडं कथील वगैरे. याच्या आधीचा पैसा पाच ग्रॅमच्या आसपास भरायचा, हा भरतो दोन ग्रॅम. मधलं भोक तांबं वाचवायला पाडलं होतं. आधीच्या पैशावर राजाचं तोंड असायचं, यावर नुसता मुकुट आहे, डबीतले पैसे उजेडात धरून पाहा, दिसेल.

गोळ्यांच्या पितळाची गोष्टही खरी आहे पण ती अमेरिकेची. तिथं १९४३ मध्ये तांबं सगळं दारूगोळ्याकडे वळवलं अन् एक सेंटचं नाणं लोखंडी, म्हणजे पोलादाचं, वरून जस्ताचा मुलामा देऊन काढलं. लोकांना ते आवडलं नाही, एकतर चांदीच्या दहा सेंटसारखं दिसायचं म्हणून देता-घेताना घोळ व्हायचा, अन् वरून मुलामा झिजला की गंजायचं. मग १९४४ ते १९४६ मध्ये उडवून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वितळवायच्या, त्यात वरून तांबं घालायचं अन् पुन्हा सेंट पाडायचे असं केलं. पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं अन् ३० टक्के जस्त असतं, नाण्याला तांबं ९५ टक्के पाहिजे होतं, म्हणून वरून घालावं लागलं. तुमच्या डबीतल्या पैशाचा त्या पुंगळ्यांशी संबंध नाही.

पण भारतात हे भोक पाडायची पाळी का आली ते समजून घ्या, कारण हे आपल्या आज्या-आजोबांनी भोगलेलं आहे. लढाई सुरू झाली की लोकांचा कागदावरचा विश्वास उडतो अन् जो तो नाणं घरात दाबून ठेवतो. १९४० पासून बाजारातली चिल्लर गायब व्हायला लागली. सरकारनं गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ ठेवणं गुन्हा ठरवला, तरी लोक ठेवायचे ते ठेवतच होते. त्या वेळी रुपयाचे १६ आणे अन् आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे, अन् गावातली निंदणीची मजुरी, मीठ, काडेपेटी, गोडेतेल हे सगळं आण्या-पैशातलं. मोठ्या माणसाला चिल्लर नसली तर तो रुपयाची नोट देतो, उधारीवर टाकतो, त्याचं भागतं. मजुरी घेऊन आठवडी बाजारात गेलेल्या बाईला दुकानदार सुट्टे नाहीत म्हणाला की तिनं काय करायचं? एक तर सगळ्या रुपयाचा माल घ्यायचा नाहीतर रिकाम्या हातानं घरी यायचं. काठियावाड, राजस्थानकडच्या कितीतरी संस्थानांनी तर नाण्याऐवजी पुठ्ठ्याच्या बारक्या कुपन छापल्या, एक पैशाच्या, आण्याच्या. इंग्रज सरकारला मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी पुरेनात म्हणून १९४३ मध्ये लाहोरला नवीन टांकसाळ उघडावी लागली. आणा, अर्धा आणा, चवली म्हणजे दोन आणे, यांच्यातलंही निकेल कमी करून ते १९४२ पासून पिवळ्या निकेल-पितळाचे केले, कारण निकेल पोलादात घालायला हवं होतं अन् पोलाद रणगाड्यात. आपल्याकडे चिमूर-आष्टीत गोळ्या चालल्या ते १९४२, अन् ही पिवळी चवली हातात आली तीही त्याच वर्षी.

आता लाखोंचं. भोकाचा पैसा कोट्यवधींनी निघालेला आहे, घराघरात आहे, त्याला लाखो कोणीच देत नाही, साधा झिजलेला पैसा अगदी थोडक्या रुपयांत मिळतो. मोबाईलवर जे फिरते ते सरळ फसवणुकीचं जाळं आहे, आधी म्हणतात तुमच्या नाण्याचे इतके लाख, मग म्हणतात फी भरा, टॅक्स भरा, ओटीपी सांगा. रिझर्व्ह बँकेनं स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की आमचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीचे पैसे मागतात त्यांच्या नादी लागू नका, बँकेनं असं काम कोणालाच दिलेलं नाही. त्या पोट्ट्याला हे नीट समजावून सांगा, रागावू नका, त्यालाही कोणीतरी व्हिडिओ पाठवलाच असेल. अन् पैसे चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका, चमक येते पण वरचा जुना थर जातो अन् नाण्याची जी काय किंमत असते तीही जाते.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. घरच्या डबीतलं घरचं असतं, पण शेतात नांगरताना, विहीर खणताना मातीत गाडलेलं मडकं निघालं तर १८७८ चा कायदा लागू होतो, दहा रुपयांच्या वरचा माल असला की कलेक्टरला कळवावं लागतं. लपवून सोनाराकडे नेलं की त्यात शेतकरीच अडकतो.

प्रश्न (दिग्रस तालुका, यवतमाळ) : मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की युरोपात एका राजानं तोफा अन् भांडी वितळवून नाणी पाडली होती. तो कोणता राजा, लोकांनी असे पैसे घेतले कसे, अन् तो लढाई हरल्यावर त्या पैशांचं काय झालं? धातू तर तोच राहिला ना, मग किंमत कुठं गेली?

उत्तर : बेटा, तुझा शेवटचा प्रश्न मोठ्या मोठ्यांना पडत नाही, तो पडला याचा मला फार आनंद झाला, म्हणून हे उत्तर लांब लिहितो, सावकाश वाच.

राजा म्हणजे इंग्लंडचा दुसरा जेम्स. तो कॅथलिक, अन् इंग्लंडमधले वजनदार लोक प्रोटेस्टंट, त्यांनी १६८८ मध्ये त्याच्याच जावयाला, हॉलंडच्या विल्यमला, बोलावलं अन् जेम्सला फ्रान्सला पळून जावं लागलं. फ्रान्सचा चौदावा लुई त्याच्या पाठीशी होता. १६८९ च्या मार्चमध्ये जेम्स आयर्लंडच्या किन्सेल बंदरात उतरला, आयर्लंडमध्ये कॅथलिक जास्त, तिथून गादी परत घ्यायचा बेत. फौज उभी राहिली पण फौजेला पगार लागतो अन् चांदी जवळ नव्हती.

मग त्यानं जून १६८९ मध्ये फर्मान काढलं अन् डब्लिनच्या केपल स्ट्रीटवर टांकसाळ लावली. मोडक्या तोफा, चर्चच्या फुटक्या घंटा, घराघरातली पितळी भांडी, किटल्या, जे भंगार मिळेल ते मुशीत घातलं. नंतर लिमरिकलाही टांकसाळ सुरू झाली. सहा पेनी, शिलिंग म्हणजे बारा पेनी, अर्धा क्राऊन म्हणजे तीस पेनी अशी नाणी त्यातून निघाली, शिक्का राजाचा, आकडा चांदीच्या नाण्याचा, धातू मात्र पितळ. लोक त्याला तोफेचा पैसाच म्हणायला लागले अन् आजही नाण्यांच्या अभ्यासात तेच नाव चालते.

या नाण्यांची सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे त्यावर वर्षासोबत महिनाही छापलेला आहे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असं एकेका महिन्याचं वेगळं नाणं. राजाचं म्हणणं असं की लढाई जिंकून मी गादीवर बसलो की हे पितळ परत घेईन अन् बदल्यात खरी चांदी देईन, अन् महिना लिहिलेला असला की क्रमाक्रमानं परत घेता येईल, एकदम सगळ्यांची गर्दी होणार नाही. म्हणजे राजानं चांदी उधार ठेवली होती अन् नाण्यावर त्याची तारीख टाकली होती. त्यात एक गंमत झाली, त्या काळी इंग्लंडचं नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून एकाच मार्च महिन्यातली काही नाणी १६८९ ची आहेत अन् काही १६९० ची, दोन्ही खरी.

तू विचारलं लोकांनी घेतली कशी. घ्यावीच लागली. नाकारलं तर शिक्षा. शिपायाला पगारात तेच मिळायचं, तो ते घेऊन दुकानात जायचा, दुकानदार मनातून घाबरलेला पण समोर तलवारवाला उभा. मग दुकानदार काय करणार, भाव वाढवणार. ज्यांनी आधी चांदीचं कर्ज काढलं होतं ते हुशार लोक पितळ नेऊन सावकाराच्या हातात द्यायला लागले अन् कर्ज फिटलं म्हणायला लागले, राजाच्या फर्मानापुढे सावकार गप्प. चांदी तर कधीच जमिनीत पुरून झाली होती किंवा देशाबाहेर गेली होती, कारण एकाच किमतीचे दोन पैसे हातात असले, एक चांदीचा अन् एक पितळाचा, तर कोणताही शहाणा माणूस पितळाचाच आधी खर्च करणार.

अन् मग भंगारही संपत आलं. १६९० च्या वसंतात शिलिंग अन् अर्धा क्राऊन आकारानं लहान केले, किंमत तीच. इतकंच नाही, आधीचे मोठे अर्धे क्राऊन परत आणून त्याच्यावरच नवीन शिक्का ठोकला अन् त्याला पूर्ण क्राऊन केलं. काल जे तीस पेनीचं होतं ते आज साठ पेनीचं, धातू तोच, वजन तेच. काही नाण्यांवर नव्या शिक्क्याखाली जुनी अक्षरं आजही पुसट वाचता येतात. बारक्या चिल्लरसाठी तर जस्तासारख्या पांढऱ्या दिसणाऱ्या कथलाच्या मिश्रधातूची नाणी काढली अन् खोटी कोणी पाडू नये म्हणून मध्ये पितळाचा ठिपका बसवला.

जुलै १६९० मध्ये बॉईन नदीवर लढाई झाली अन् जेम्स हरला, लगेच फ्रान्सला निघून गेला. विल्यम डब्लिनमध्ये आला अन् त्यानं त्याच महिन्यात तोफेच्या पैशाची किंमत पाडली. क्राऊन अन् मोठा अर्धा क्राऊन दोन्ही एक पेनीचे. साठ पेनीचा एक पेनी. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १६९१ मध्ये, तेही चलन बंद केलं. लिमरिकमध्ये जेम्सची माणसं अजून वेढ्यात लढत होती, त्यांनी त्याच मेलेल्या नाण्यांवर हाफपेनीचा शिक्का ठोकून ती चालवली, अन् ऑक्टोबर १६९१ मध्ये तेही शरण गेले.

आता तुझा प्रश्न, धातू तोच तर किंमत कुठं गेली. आपल्याकडे कापूस आडत्याला घालून त्याची चिठ्ठी घरी आणतात ना, तसं हे होतं. चिठ्ठीच्या कागदाला किंमत नसते, आडत्या दुकानात बसलेला आहे तोपर्यंत ती पैसा असते, तो कुलूप लावून निघून गेला की कागद उरतो. जेम्स गेला अन् लोकांच्या हातात पितळ उरलं, ते मोडीच्या भावानं साठातलं एक पेनी झालं. उरलेले एकोणसाठ पेनी ज्याच्या घामाचे होते त्याच्या अंगावर पडले. अन् ते कोण होते बघ, ज्यांना पगार अन् मजुरी पितळात मिळाली ते शिपाई, ज्यांनी माल पितळावर दिला ते दुकानदार, ज्यांनी जनावर विकलं ते शेतकरी. चांदी पुरून ठेवणाऱ्याचं काही गेलं नाही. पुढं शंभर वर्षं अन् जास्त आयर्लंडचे प्रोटेस्टंट लोक पेला उचलून विल्यमचं नाव घेताना म्हणायचे की यानं आम्हाला पितळी पैशापासून अन् लाकडी जोड्यापासून, म्हणजे फ्रान्ससारख्या गरिबीपासून, वाचवलं. इतकी ती जखम लक्षात राहिली.

याच्यावरून असं समजू नको की हरणाराच असं करतो. स्वीडनचा बारावा चार्ल्स, मोठा लढवय्या, त्याची सतत लढाई चालू, तिजोरी रिकामी. १७१५ पासून त्यानं तांब्याची बारकी नाणी काढली अन् ती चांदीच्या एका दालरची (दालर म्हणजे तिथलं चलन) म्हणून चालवली. हा सगळा कारभार बॅरन ग्योर्ट्झ नावाच्या माणसाकडे होता. बरं, स्वीडनच्या लोकांना तांबं नवं नव्हतं, तिथं तांब्याच्या किलोकिलोच्या पाट्या पैसा म्हणून चालायच्या, १६४४ ची दहा दालरची एक पाटी तर जवळपास वीस किलोची आहे, म्हणजे जितकी किंमत तितकं तांबं द्यायची तिथली रीत. त्याच लोकांना चिमूटभर तांबं देऊन सांगितलं की हा पूर्ण दालर. १७१८ मध्ये राजा नॉर्वेच्या वेढ्यात गोळी लागून मेला, पुढच्याच वर्षी ग्योर्ट्झचं मुंडकं उडवलं अन् नाण्यांची किंमत पाडली. ग्योर्ट्झला मारून लोकांचा राग शांत झाला असेल पण ज्याच्याकडे ती नाणी होती त्याचं नुकसान भरून आलं नाही.

माझं स्पष्ट मत आहे की भंगारातून पैसा पाडणं हा गुन्हा नाही, अडचणीत ते करावंच लागते, अमेरिकेच्या पुंगळ्यांचा सेंट पाहा, तो आजही चालतो, कोणाचं एक दमडीचं नुकसान झालं नाही. परत करायची ताकद अन् नियत नसताना आकडा वाढवत जाणं हा गुन्हा आहे. परीक्षेत लिहिताना हा फरक नीट लिही.

प्रश्न (भंडारा) : आमचं पिढ्यान्पिढ्याचं भांड्यायचं काम. मोडीत आलेलं कासं अन् पितळ आम्ही कधी एका मुशीत घालत नाही. मग घंटा, तोफ, भांडं सगळं एकत्र वितळवून नाणं कसं काय जमलं? तडे जात नसतील काय?

उत्तर : दादा, हा प्रश्न भंडाऱ्याहूनच यायला पाहिजे होता. तडे जायचे. तुम्हाला माहीतच आहे की घंटेचं कासं म्हणजे तांब्यात वीस-बावीस टक्के कथील, आवाज गोड पण थंड असताना हातोडा बसला की चिरते, म्हणून काशाचं काम लाल करून ठोकतात. तोफेच्या धातूत कथील निम्मं, दहा टक्क्यांच्या आसपास, तो चिवट असतो कारण त्याला आतला स्फोट सोसायचा असतो. अन् भांड्याचं पितळ म्हणजे तांबं-जस्त, ते थंड ठोकायला सगळ्यात सोपं. नाणं थंडच पाडतात, वर-खाली पोलादी ठसे अन् मध्ये चकती, एक दणका. नुसत्या घंटेच्या धातूची चकती ठेवली तर कडा फाटणार.

फ्रान्समध्ये क्रांतीच्या वेळी हीच अडचण आली. १७८९ मध्ये चर्चची सगळी मालमत्ता देशाची केली, पुढं घंटा उतरवल्या, १७९३ मध्ये तर हुकूम निघाला की एका चर्चला एकच घंटा ठेवायची, बाकीच्या तोफांसाठी. १७९१ पासून घंटांच्या धातूची सू नावाची नाणी पाडायला घेतली तेव्हा तो धातू इतका ठिसूळ निघाला की त्यात वरून शुद्ध तांबं घालून कथिलाचं प्रमाण खाली आणावं लागलं, तेव्हा कुठं ठसा नीट बसायला लागला. तरी ती नाणी हातात घेतली तर कडेला चिरा दिसतात अन् रंग एकसारखा नाही.

जेम्सच्या नाण्यांचंही तसंच, एक तांबूस, एक पिवळं, एक करडं, कारण मुशीत रोज वेगळा माल. त्यात जुन्या भांड्यांची कल्हई, म्हणजे कथील, अन् डाग दिलेल्या जागचं शिसं, तेही आलंच. तुम्ही कासं-पितळ वेगळं ठेवता ते गिऱ्हाइकाच्या भांड्यासाठी, त्याला ते वीस वर्षं वापरायचं असते. त्या टांकसाळीला पुढच्या महिन्याच्या पगारापुरतं नाणं पाहिजे होतं, म्हणून त्यांनी चिरेकडे पाहिलं नाही. तुमची पद्धतच बरोबर आहे.

प्रश्न (अकोट तालुका, अकोला) : मी शिक्षक आहे, दरवर्षी मुलांना नरनाळा किल्ल्यावर नेतो. मुलं विचारतात, किल्ल्याला वेढा पडल्यावर आतल्या शिपायांना पगार कसा द्यायचे?

उत्तर : सर, वेढा थोडक्यात आटोपला तर पगाराचा प्रश्नच उठत नाही, आपल्या शेजारचा गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात काही दिवसांतच पडला. वेढा महिनोन्महिने रेंगाळला की आतली नाणी संपतात, कारण सगळी नाणी धान्यवाल्यांकडे जाऊन बसतात. मुलांना तीन गोष्टी सांगा, त्यांना आवडतील.

इंग्लंडमध्ये न्यूअर्क नावाचं गाव १६४५-४६ मध्ये वेढ्यात अडकलं तेव्हा चांदीची ताटं-वाट्या कातरून चौकोनी, कोपऱ्यावर उभ्या धरल्यासारखी नाणी केली. गोल केली तर कातरण वाया जाते, चौकोनात जात नाही. काही नाण्यांवर ताटाची जुनी नक्षी अन् राजचिन्ह अजून दिसते. दुसरी आजच्या जर्मनीतल्या लांडाऊची, तिथं १७०२ मध्ये फ्रेंच सेनापती मेलाक वेढ्यात होता, त्यानं स्वतःच्या जेवणाची चांदीची भांडी तोडून तुकड्यांवर शिक्के मारले अन् शिपायांना वाटले. मला हा माणूस या एका गोष्टीसाठी आवडतो, बाकी त्यानं जर्मनीत गावं जाळली त्याचं समर्थन कोणी करू नये. तिसरी हॉलंडच्या लायडनची, १५७४, तिथं धातूच उरला नाही तेव्हा चर्चच्या पुस्तकांची पानं एकावर एक चिकटवून त्याच्यावर नाण्याचा ठसा मारला. कागदाचं नाणं. लोक उपाशी मरत होते पण ते नाणं गावात चाललं, कारण वेढ्याच्या आत सगळे एकमेकांना ओळखत होते.

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ) : सासूबाईंनी मला चांदीचे कलदार दिले आहेत, काही राणीछाप, काही राजाचे. सोनार म्हणतो राजाच्या काही रुपयांत चांदी अर्धीच आहे, म्हणून भाव कमी. तो फसवतो आहे का?

उत्तर : ताई, आधी वर्ष पाहा मग सोनाराला काय म्हणायचं ते म्हणा. राणी व्हिक्टोरियाचे, सातव्या एडवर्डचे अन् पाचव्या जॉर्जचे रुपये म्हणजे ९१.७ टक्के चांदी. सहाव्या जॉर्जच्या रुपयात १९४० पासून लढाईमुळे चांदी ५० टक्क्यांवर आणली. तेव्हा १९४० ते १९४५ मधला रुपया असेल तर सोनार खरं बोलतो आहे. त्याच १९४० मध्ये एक रुपयाची कागदी नोटही परत आणली, ती पहिल्यांदा निघाली होती १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली तेव्हा. दुसऱ्या युद्धात तर इतकी ओढ लागली की १९४४ मध्ये भारत सरकारनं अमेरिकेकडून २२.६ कोटी औंस चांदी उसनी घेतली. १९४७ चा रुपया आला तो निव्वळ निकेलचा, त्यात चांदी शून्य.

दोन गोष्टी सांभाळा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया फार दुर्मिळ आहे, म्हणून त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत, असा रुपया हाती असला तर नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, जाणकार माणसाला दाखवल्याशिवाय विकू नका अन् विकतही घेऊ नका. दुसरं, तांड्यावरच्या बायांच्या जुन्या दागिन्यात असे रुपये कडी लावून ओवलेले असतात, तो दागिना मोडून सुट्टे रुपये विकायला लावणारे लोक गावात फिरतात. दागिना तसाच ठेवला तर त्याचं मोल मोडीपेक्षा जास्त आहे.

प्रश्न (मूल तालुका, चंद्रपूर, इयत्ता आठवी) : मातीचं नाणं कधी होतं का?

उत्तर : हो, होतं. जपाननं लढाईत आधी तांब्याची नाणी बंद करून अॅल्युमिनियमची केली, मग अॅल्युमिनियम विमानांना लागलं म्हणून नाणी दरवर्षी हलकी होत गेली, १९४४ मध्ये कथील-जस्ताची निघाली, अन् १९४५ मध्ये धातूच संपला तेव्हा क्योटो, सेतो अन् अरिता या कुंभारकामाच्या गावांत भाजलेल्या चिनीमातीची एक, पाच अन् दहा सेनची नाणी करायला घेतली. ती बाजारात यायच्या आत ऑगस्टमध्ये लढाई संपली अन् बहुतेक फोडून टाकली. जर्मनीतही पहिल्या महायुद्धानंतर, १९२०-२१ मध्ये, माइसेनच्या चिनीमातीच्या कारखान्यानं नाणी केली होती, ती मात्र बाहेर आली. अजून प्रश्न असतील तर पाठव, अन् सगळ्यांनीच नाण्याचा फोटो पाठवताना दोन्ही बाजूंचा काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा अन् सोनाराच्या काट्यावर वजन करून तेही लिहा, नुसत्या एका बाजूच्या फोटोवरून सांगता येत नाही.